शर्यतीनंतरची वीस वर्षं

मुंबईत महालक्ष्मीचा रेसचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुमारास आटोपतो. जुलैपासून पुण्याचा हंगाम लागतो. मधल्या उन्हाळ्यात तबेल्यांमध्ये हिशोब मांडला जातो : कोणता घोडा पुढे पळणार आणि कोणता थांबणार. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास होणाऱ्या जातीचा घोडा, दोन वर्षांचा झाला की शर्यतीत उतरू लागतो. १९४३ पासून चालत आलेली इंडियन डर्बी, म्हणजे या देशातली सर्वांत मानाची शर्यत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. पाच ते सात वर्षांच्या वयात बहुतेक घोड्यांचं पळणं संपतं. नीट सांभाळलेला घोडा मात्र पंचवीस वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त. पळण्याच्या काळापेक्षा त्यानंतरचा काळ चौपट मोठा असतो आणि घोड्याचं खरं आयुष्य तेच असतं.

त्या आयुष्याच्या वाटा मोजक्या आहेत. चांगल्या वंशाच्या घोड्या आणि थोडे नर पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही घोडे महालक्ष्मीच्याच आवारातल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबकडे किंवा पुण्याच्या आसपासच्या रायडिंग स्कूलांकडे जातात. एक वाट औषधाकडे गेली होती. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तद्रवापासून प्रतिविषं बनतात. त्याच धाग्यातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. उरलेल्यांपैकी कित्येक घोडे हातोहात विकले जातात आणि दर वेळी त्यांची किंमत आणि निगा एकेक पायरी उतरत जाते.

आणखी एक वाट आहे : शेतावरचं, जागा असलेलं, घोड्याची आवड असलेलं कुटुंब. रेसचा घोडा अशा घरचा घोडा कसा होतो, ते इथे क्रमाने सांगतो आहे. पुण्याहून घोडा आणायला सोयीचा आणि घोड्याची हौस मुरलेला म्हणून सोलापूर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

शिकारीच्या घोड्याकडून काय घ्यायचं

निवृत्त घोडा घरी आणण्याची ही वाट सगळ्यांत जास्त रुळली ती आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन स्वारांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, बांध, कुंपणं आणि ओढे ओलांडत घोडे पळवायची पैज लावली, अशी परंपरा सांगतात. अडथळ्यांच्या शर्यतीचा, म्हणजे स्टीपलचेसचा, उगम तिथे मानला जातो. या शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पुढे घरोघरी कोल्ह्याच्या शिकारीचे घोडे म्हणून राहत. सन २००० मध्ये ब्रिटिश रेस जगताने निवृत्त घोड्यांना नवं काम शिकवण्यासाठी 'रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस' ही स्वतंत्र संस्थाच काढली. अडथळ्यांच्या शर्यतींतला चेल्टनहॅमचा गोल्ड कप २००७ आणि २००९ मध्ये जिंकलेला कौटो स्टार हा घोडा निवृत्तीनंतर ड्रेसाज, म्हणजे संथ, शिस्तबद्ध चालींची स्वारी, शिकला.

शिकार आपल्याला नकोच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर २००४ च्या कायद्याने बंदी आली आणि आता तिथे आधी पसरून ठेवलेल्या वासाच्या मागावर घोडे दौडवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळावरच्या खोकडाला आणि कोल्ह्याला संरक्षण दिलेलं आहे. घेण्यासारखा आहे तो शिकारीच्या घोड्याचा स्वभाव. तो दहा-वीस घोड्यांच्या घोळक्यात शांत उभा राहतो. पायाशी कुत्री घोटाळली तरी लाथ मारत नाही. फाटक उघडेपर्यंत थांबतो, चर दिसला की पाहून उडी घेतो, आणि दौड संपली की पुन्हा चालीवर येतो. रेसच्या घोड्याला यातलं काहीच शिकवलेलं नसतं. त्याला पळणं येतं. थांबणं त्याला पुढच्या घराने शिकवायचं असतं.

घोडा निवडताना

पहिला प्रश्न वेगाचा नसतो. घोडा का निवृत्त झाला, हे विचारायचं. 'मागे पडत होता' हे उत्तम कारण. मंद घोडा निरोगी असू शकतो. 'पाय गेला' असं उत्तर आलं तर कोणता पाय, कुठे आणि केव्हा, हे खोदून विचारायचं. पुढच्या पायाच्या नळीमागच्या कंडरेला, म्हणजे टेंडनला, इजा झालेली असेल तर तिथे फुगवटा दिसतो आणि हाताला ऊब लागते. अशी कंडरा भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. भरून आल्यावरही ती पहिल्यासारखी लवचीक राहत नाही. असा घोडा हलक्या रपेटीला चालेल, उड्यांना चालणार नाही.

घरासाठी खच्ची केलेला नर सर्वांत सोयीचा. घोडी माजावर आली की काही दिवस चिडचिडी होते. न खच्ची केलेला नर अनुभवी माणसाकडेच असावा. घोड्यांच्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी : सरळ रेषेत चालवून आणि दुडकीवर पळवून पाय पाहणं, गुडघे आणि घोटे वाकवून लगेच पळवणं, डोळे, दात, हृदय, श्वास, आणि शंका असेल तिथे एक्स-रे. शर्यतीच्या घोड्याची नोंद पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. कागद आणि घोडा जुळतात का, हे पाहून मगच पुढे जावं.

ग्लँडर्सची चाचणी टाळता कामा नये. हा घोड्यांचा जीवाणूजन्य रोग माणसालाही होतो. बाधित घोड्यावर उपचार केले जात नाहीत, कायद्यानुसार त्याला मारावं लागतं. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या यंत्रणेमार्फत होते. निगेटिव्ह दाखल्याशिवाय घोडा गाडीत चढवू नये.

पहिले तीन आठवडे

पुणे ते सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटर आहे. प्रवास रात्री किंवा पहाटे करावा. गाडीत समोर वैरण टांगलेली असावी आणि दर दोन-तीन तासांनी पाणी दाखवावं. प्रवासात घोड्याची मान सतत वर बांधून ठेवली तर नाकातली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. म्हणून दोर इतका सैल ठेवायचा की त्याला मान खाली करता येईल.

घरी आल्यावर २१ दिवस तो इतर घोड्यांपासून वेगळा राहील. पाणी, बादली, खराऱ्याचं सामान सगळं वेगळं ठेवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप पाहायचा आणि वहीत लिहायचा. निरोगी घोड्याचा ताप साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो, विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोट लावून मोजता येते. या वहीतून आपल्या घोड्याचं 'नेहमीचं' काय ते कळतं. पुढे कधी बिघाड झाला तर तो पहिल्यांदा याच आकड्यांत दिसतो. धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि दातांच्या कडा घासून घेणं याच काळात उरकावं.

अंगातली शर्यत उतरवणं

रेसच्या तबेल्यात घोड्याचा दिवस मिनिटावर बांधलेला असतो. पहाटे ट्रॅक, नंतर खरारा, चंदी आणि पुन्हा ठाण. चोवीस तासांतले बावीस-तेवीस तास तो चार भिंतींत असतो. दिवसाला पाच-सहा किलो धान्य त्याच्या पोटात जातं. हा घोडा एकदम मोकळा सोडला तर भरधाव सुटेल आणि पाय मोडून घेईल.

आधी छोटं कुंपण असावं, वीस पावलं लांब-रुंद. तिथे तो दिवसभर चालेल, लोळेल, खाईल. आठ-पंधरा दिवसांनी मोठं आवार. शेताला असते ती काटेरी तार घोड्याजवळ नको. थरोब्रेडची कातडी पातळ असते आणि घाबरला की तो तारेतून आरपार जाऊ पाहतो. लाकडी बल्ल्या, लोखंडी पाइप किंवा रुंद दिसणारी पट्टी चालते. कुंपणाचा फेरफटका रोज मारायचा. कौटो स्टारसारखा घोडा २०१५ मध्ये गेला तो शर्यतीत नव्हे, आपल्याच आवारात पडून झालेल्या दुखापतींनी.

सोबत हवीच. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवलेला रेसचा घोडा भिंतीपाशी झुलत राहतो, लाकूड चावतो, हवा गिळतो. शांत, वयस्क देशी घोडी ही उत्तम सोबतीण. भीमाकाठच्या या मुलखाची भीमथडी जात कणखर आणि थोडक्यात भागणारी आहे. उतावळ्या थरोब्रेडला तिच्याइतकं कुणी स्थिर करत नाही. घोडी नसेल तर शेळीही चालते.

हा उतरणीचा काळ किमान तीन महिने ठेवावा. या काळात अंगावर स्वार चढत नाही. पोट भरतं, पाठीचे ताणलेले स्नायू सैल पडतात आणि दिनक्रम नसतानाही जग चालतं हे त्याला कळतं. घाईने या टप्प्याला बगल दिली तर पुढचं शिक्षण दुप्पट काळ खातं.

पोट : सोलापूरच्या वैरणीत काय चालतं

घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झरत असतं. कुरणातला घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो, म्हणून ते आम्ल लाळेने आणि गवताने शमतं. रेसच्या तबेल्यात धान्य जास्त, वैरण कमी आणि पोट बराच वेळ रिकामं. त्यामुळे शर्यतीच्या बहुतेक घोड्यांना जठराचे व्रण असतात. खोगिराचा पट्टा आवळताना चावायला येणं, चंदी अर्धवट टाकणं, केस निस्तेज दिसणं, हे पुष्कळदा स्वभावाचे दोष मानले जातात. दुखणं पोटात असतं.

उपाय वैरण. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज लागते. साडेचारशे किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांनी नऊ किलो, महिन्याला २७० किलो, वर्षाला तीन टनांहून जास्त. घोडा आणण्याआधी हा साठा कुठून आणि कुठे, हे ठरलेलं असावं.

माळावरचं मारवेल गवत फुलोऱ्याच्या आधी कापून वाळवलेलं असेल तर उत्तम. कुसळी गवताला कुसळं धरली की ते देऊ नये, तोंडात जखमा होतात. लसूणघास रोज थोडा द्यावा. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते जठरातलं आम्ल शमवतं. ज्वारीचा कडबा, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या मालदांडीचाही, नीट वाळलेला आणि बुरशी नसलेला असेल तर वैरणीचा एक भाग म्हणून चालतो. हिरवी, कोवळी ज्वारी मात्र घोड्याला नको. तिच्यातल्या विषारी घटकांनी मूत्राशय आणि मागचे पाय अधू होऊ शकतात.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात गळीत हंगामात उसाचे वाढे सहज मिळतात आणि जनावरांना घातले जातात. वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडं. वाढे आणि कोंडा असं जेवण महिनोन्महिने घोड्याला दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. चेहऱ्याची हाडं सुजतात, चाल अडखळते. वाढे टाळावेत, कोंडा मूठभर ठेवावा, लसूणघास आणि पशुवैद्यकाने सांगितलेलं खनिज मिश्रण द्यावं.

सर्वांत कडक नियम : गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याच्या गव्हाणीत जाता कामा नये. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते सोसतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात. पोती वेगळ्या खोलीत ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

खाद्य बदलायचं ते दहा ते चौदा दिवसांत, थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त, असं. काम बंद आणि चंदी तीच राहिली तर पुढच्या रपेटीला मांडीचे स्नायू आखडतात, घोडा जागच्या जागी थिजतो, लघवी गडद तांबूस होते. म्हणून चंदी कामाच्या मागे चालते.

पोटशूळ ओळखायला घरातल्या सगळ्यांनी शिकावं. घोडा वळून पोटाकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, शेण टाकत नाही. तेव्हा गव्हाण रिकामी करायची, डॉक्टरांना फोन करायचा, नाडी मोजायची. बाटलीने तेल किंवा काढा पाजायचा नाही. घोड्याला उलटी करता येत नाही आणि जबरदस्तीने पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं.

खूर, ऊन, पाणी

शर्यतीत पायाला हलके अॅल्युमिनियमचे नाल असतात. घरी आल्यावर ते काढावेत. थरोब्रेडचा तळवा पातळ असतो आणि सोलापूरच्या मुरमाड माळावर तो सोलवटतो. काही दिवस मऊ जमिनीवर अनवाणी ठेवून खुराची भिंत वाढू द्यावी आणि काम सुरू होताना पुढच्या पायांना लोखंडी नाल घ्यावेत. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा. गावात बैलांना पत्री मारणारा कारागीर कुशल असतो, पण थरोब्रेडच्या खुराची भिंत इतकी पातळ असते की एक खिळा आत गेला तर घोडा महिनाभर लंगडतो. घोड्याचं काम जाणणाराच नालबंद हवा. पावसाळ्यात काळी माती खुरात घट्ट बसते. रोज संध्याकाळी खूर उकरून तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला वास येतो का, हे पाहावं.

सोलापूरचा उन्हाळा ४३ अंशांपुढे सहज जातो. मार्च ते जूनमध्ये रपेट सूर्योदयाच्या आधी सुरू करून सातच्या आत संपवावी. घोडा दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी पितो, उन्हात त्याहून जास्त. टाकी सावलीत आणि मिठाचा खडा तिच्याजवळ ठेवावा. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं तर त्याला बाधतं, ही समजूत अजून ऐकू येते. अटलांटाच्या १९९६ च्या ऑलिंपिकआधी झालेल्या अभ्यासांनी ती खोटी ठरवली. सर्वांगावर भरपूर गार पाणी ओतत राहणं हाच तापलेल्या घोड्याला निववण्याचा सर्वांत जलद उपाय. काम करूनही ज्याला घाम येत नाही, तो घोडा धोक्यात आहे, त्याची रपेट बंद करून तपासणी करावी.

पावसाळ्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माशांमधून सर्रा हा रोग येतो. उतरत-चढत जाणारा ताप, खंगत जाणं, पायांवर आणि पोटाखाली सूज ही त्याची लक्षणं. रक्त तपासून औषध वेळेत दिलं तर घोडा वाचतो.

नवी शिकवण

तीन महिन्यांनी शिक्षण सुरू होतं आणि ते जमिनीवरूनच. घोडा तुमच्या खांद्याशी चालेल, तुम्ही थांबलात की थांबेल, छातीवर बोट टेकलं की एक पाऊल मागे घेईल. दिवसाला वीस मिनिटं पुरतात. नंतर लांब दोरीवर गोल फिरवणं, डावीकडे आणि उजवीकडे सारखाच वेळ. शर्यतीचा घोडा बहुधा एकाच दिशेने वळून पळालेला असतो, त्यामुळे त्याची एक बाजू ताठ असते. ती सैल व्हायला महिने लागतात.

स्वार बसण्याच्या वेळी तीन गोष्टी त्याच्या लेखी उलट्या आहेत, आणि त्या समजून घेतल्या तर निम्मे अपघात टळतात.

पहिली, चढणं. रेसमध्ये घोडा चालत असतानाच कुणीतरी जॉकीचा पाय उचलून त्याला वर टाकतो. स्वार चढेपर्यंत उभं राहायचं असतं, हे घोड्याला कधी सांगितलेलंच नसतं. उंच चौथऱ्याशी आणायचं, उभं करायचं, पाठीवर हाताचा भार द्यायचा, पोटावर आडवं व्हायचं, पुन्हा उतरायचं. तो शांत उभा राहीपर्यंत खोगिरात बसायचं नाही.

दुसरी, पाय. जॉकीची रिकीब आखूड असते. तो पाठीवर बसत नाही, अधांतरी राहतो. घरच्या स्वाराचे लांब पाय बरगड्यांना लागले की घोडा दचकून सुटतो. म्हणून पहिले काही आठवडे केवळ चालीवर, पाय हलके पण सतत लागलेले ठेवून फिरवायचं.

तिसरी, लगाम. ही सर्वांत महत्त्वाची. रेसमध्ये जॉकी लगाम आवळून धरतो तेव्हा घोडा त्यावर रेलून अधिक जोर लावतो. आवळलेला लगाम म्हणजे 'पळ'. नवा स्वार घाबरून लगाम खेचतो, घोडा आज्ञा पाळून वेग वाढवतो, आणि दोघांचाही विश्वास उडतो. थांबवायला खेचायचं नाही. श्वास सोडायचा, पाठ जड करायची, एका हाताने लगाम हलकेच घेऊन सोडायचा, आणि वर्तुळ लहान करत न्यायचं. घोडा थांबला त्या क्षणी लगाम पूर्ण सैल. बक्षीस त्या सैलपणात आहे.

चाल, दुडकी आणि त्या दोन्हींतले बदल पक्के होईपर्यंत दौड नको. सहा महिने लागले तरी लागू द्यावेत. पहिली मंद दौड चढावर आणि एकट्याने घ्यावी. शेजारी दुसरा घोडा पळू लागला की जुनं शिक्षण सर्वांत जोरात जागं होतं. म्हणूनच घोळक्यातली शिकवण शेवटी येते. दोन घोडे शेजारी चालवायचे, एकाने पुढे जायचं आणि दुसऱ्याने उभं राहायचं, मग अदलाबदल. मागे राहूनही काही बिघडत नाही, हे रेसच्या घोड्याला पटणं ही त्याच्या दुसऱ्या आयुष्यातली सर्वांत मोठी मजल.

माळावर

बाहेरचं जग हप्त्याहप्त्याने दाखवावं : आधी घरामागची पांदी, नंतर कालव्याचा रस्ता, मग म्हशींचा कळप आणि मोटारसायकल, शेवटी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण ठीक मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. मागून येणाऱ्या वाहनाकडे त्याचं तोंड तिरकं वळवलं की अर्धी भीती जाते. पहिल्या बाहेरच्या फेऱ्यांना शांत देशी घोडी पुढे असावी.

गर्दीतला स्थिर घोडा कसा असतो, हे सोलापूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. माउलींच्या पालखी सोहळ्यात सदाशिवनगर, खुडूस, वाखरी इथे गोल रिंगण होतं आणि अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व हजारो वारकऱ्यांच्या कड्यामधून, टाळमृदंगाच्या गजरात धावतात. तुकोबांच्या पालखीचं रिंगण अकलूजला होतं. दिवाळीच्या सुमारास त्याच अकलूजमध्ये मोठा घोडेबाजार भरतो. बाजारात जाणकार खरेदीदार घोड्याचा नाच पाहून झाला तरी थांबतो आणि गलक्यात तो घोडा दावणीला कसा उभा राहतो हे पाहतो. आपल्या घोड्याकडेही त्याच नजरेने पाहावं.

रब्बीची ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, रानं मोकळी होतात. लांब रपेटीला हाच काळ. शेतकऱ्याला विचारूनच रानात शिरावं आणि उभ्या पिकाच्या कडेने चालीवर जावं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात घोडा नेऊ नये. तिथली खोकडं, लांडगे आणि काळवीट यांना दौडणाऱ्या घोड्याची धास्ती लागते. पाय निर्दोष असतील तर छोट्या उड्या शिकवता येतात : जमिनीवर टाकलेला ओंडका, मग गुडघ्याइतका बांध, मग कोरडा चर. अडथळ्यांची शर्यत धावलेला घोडा वेगात उडी घ्यायला शिकलेला असतो. त्याला दुडकीवर येऊन, पाहून, सावकाश उडायला शिकवायचं. आपल्याकडचा रेसचा घोडा सपाट धावलेला असतो. त्याच्यासाठी उडी हा नवाच विषय, आणि पुष्कळांना तो मनापासून आवडतो.

कुटुंबाचा घोडा म्हणजे कुणाचा

पहिलं वर्ष एकाच माणसाचं असावं. दोघांचे वेगवेगळे इशारे घोड्याला गोंधळवतात. दुसऱ्या वर्षी घरातला दुसरा स्वार. लहान मुलांनी आधी खरारा करावा, खूर उकरायला शिकावं, घोडा घेऊन चालावं. स्वारी देशी घोडीवर शिकावी. थरोब्रेड हा शिकाऊ मुलाचा पहिला घोडा नव्हे. हेल्मेट प्रत्येक वेळी, प्रत्येक वयाला. मुलांच्या जवळ गेल्यावर घोड्याचं डोकं खाली येतं, कान सैल पडतात, खालचा ओठ लोंबतो. ही खूण दिसू लागली की तो घरचा झाला असं समजावं.

हे घरचं होणं वीस वर्षांचं आहे. अठराव्या वर्षी दात झिजतात, वैरण भिजवून किंवा बारीक कापून द्यावी लागते. बाविसाव्या वर्षी स्वारी संपते, पण वैरण, नालबंद आणि डॉक्टर संपत नाहीत. कुटुंबातलं मूल शिकायला बाहेरगावी जाईल, शेती वाटली जाईल, घोडा तिथेच असेल. म्हणून घोडा आणण्याच्या दिवशीच दोन गोष्टी लिहून ठेवा : तुमच्यानंतर त्याला कोण सांभाळेल, आणि वेदना थांबेनाशी झाली तर पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण देण्याचा निर्णय कोण घेईल. या दोन ओळी आज लिहिता येत नसतील तर घोडा आणू नका. एखाद्या रायडिंग स्कूलमधल्या निवृत्त घोड्याच्या वैरणीचा भार उचला आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जा. लिहिता येत असतील, तर पुढच्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीचा हंगाम संपताना एखाद्या ट्रेनरला फोन करा आणि त्याच्या तबेल्यातल्या सर्वांत शांत, मागे पडलेल्या घोड्याबद्दल विचारा.